पाणथरीतील रक्तवाहिन्यांच्या दुर्मिळ गाठी : रिपोर्ट 'बिनाइन व्हॅस्क्युलर लीजन' एवढ्यावर थांबू नये

शिरीषवेल (धागाकर्ती)

मी पॅथॉलॉजिस्ट आहे आणि गेली २२ वर्षे शस्त्रक्रियेत काढलेल्या ऊती तपासून निदान करणे हेच माझे रोजचे काम आहे. पाणथरी, म्हणजे प्लीहा, आमच्या टेबलावर येते ती बहुतेक वेळा अपघातात फाटलेली, नाहीतर रक्ताच्या एखाद्या आजारासाठी काढलेली असते. तिच्यातच उगवलेली गाठ, आणि तीही रक्तवाहिन्यांची, क्वचितच समोर येते. सवय नसल्यामुळे अशा वेळी हात आखडता घेतला जातो आणि रिपोर्टच्या शेवटी 'बिनाइन व्हॅस्क्युलर लीजन', म्हणजे रक्तवाहिन्यांची सौम्य विकृती, एवढीच ओळ लिहिली जाते. गेल्या काही आठवड्यांत असे दोन रिपोर्ट दुसऱ्या मतासाठी माझ्याकडे आले, म्हणून हा धागा काढत आहे.

ही ओळ चुकीची असतेच असे नाही, पण ती अपुरी असते. रुग्णाचे पुढे काय करायचे हे गाठीच्या नावावर ठरते. हॅमार्टोमा, म्हणजे त्या अवयवाच्याच ऊतींची विस्कटलेली सौम्य वाढ, असेल तर गाठ काढल्यावर विषय जवळजवळ संपतो. स्क्लेरोसिंग अँजिओमॅटॉइड नोड्युलर ट्रान्सफॉर्मेशन, ज्याला आम्ही बोलताना 'सँट' म्हणतो, ते असेल तरीही रुग्णाला निश्चिंतपणे घरी पाठवता येते. लिटोरल सेल अँजिओमा असेल तर ती गाठ स्वतः बहुधा सौम्य असली, तरी अशा रुग्णांमध्ये शरीरात अन्यत्र कर्करोग किंवा रोगप्रतिकारशक्तीचा एखादा विकार असण्याचे प्रमाण लक्षात येण्याइतके जास्त आढळले आहे, त्यामुळे शोध तिथून पुढे सुरू होतो. आणि अँजिओसार्कोमा, म्हणजे रक्तवाहिन्यांचा कर्करोग, असेल तर एकेक आठवडा मोलाचा असतो, कारण ती गाठ फार लवकर यकृत, फुप्फुसे आणि हाडांत पसरते. या चारही गाठी रक्तवाहिन्यांच्याच आहेत. 'व्हॅस्क्युलर' या शब्दाने रुग्णाच्या हाती काय पडते, याचा विचार आपण पॅथॉलॉजिस्टांनी करायला हवा.

नाव ठरवणे अवघड का जाते, हे समजण्यासाठी पाणथरीची रचना थोडी पाहावी लागेल. तिच्या लाल गरात रक्त नेहमीच्या केशवाहिन्यांपुरते न राहता जाळीदार दोऱ्यांतून झिरपते आणि मग सायनस नावाच्या रुंद पोकळ्यांत शिरते. या पोकळ्यांच्या भिंतीला आतून उभ्या फळ्यांसारख्या लांबट पेशींचे अस्तर असते आणि त्या फळ्यांच्या फटींतून तांबड्या पेशींना अंग चोरून जावे लागते. जुन्या, ताठर झालेल्या पेशी तिथेच अडकतात. याच अस्तरपेशींना लिटोरल, म्हणजे काठावरच्या पेशी म्हणतात. रक्तवाहिनीचे अस्तर आणि भक्षक पेशी अशा दोन्ही जातींचे गुण त्यांच्या अंगी दिसू शकतात. असे अस्तर शरीरात दुसरीकडे नसल्यामुळे पाणथरीत होणाऱ्या काही गाठीही इतर कुठे होत नाहीत. यकृतातील किंवा त्वचेतील रक्तवाहिन्यांच्या गाठींवर तयार झालेली नजर इथे पुरत नाही, ती यामुळेच.

लिटोरल सेल अँजिओमा हे नाव १९९१ मध्ये फाल्क, श्टुटे आणि फ्रिझेरा यांनी १७ रुग्णांच्या अभ्यासावरून दिले. सँटचे वर्णन त्याहून अलीकडचे, २००४ मधले, मार्टेल आणि सहकाऱ्यांनी २५ रुग्णांवरून केलेले. म्हणजे त्यापूर्वी शिकून बाहेर पडलेल्या पॅथॉलॉजिस्टने हे दुसरे नाव महाविद्यालयात ऐकलेलेच नसणार. यात कुणाचा दोष नाही, पण गाठ समोर आल्यावर आपल्याला माहीत असलेल्या यादीबाहेर काही असू शकते, एवढी शंका मनात यायला हवी.

सँट मी पहिल्यांदा पाहिले तो दिवस मला स्पष्ट आठवतो. पाणथरी फारशी वाढलेली नव्हती आणि खालच्या टोकाशी चार-पाच सेंटीमीटरचा एक घट्ट उंचवटा बोटांना लागत होता. लांब सुरीने एक सेंटीमीटर जाडीचे काप केले, तेव्हा तिसऱ्या कापात मधोमध पांढरा, चिवट, चांदणीच्या आकाराचा व्रण दिसला आणि त्याच्या फाट्यांच्या मधल्या जागांत डाळिंबाच्या दाण्यांसारखे तांबूस-तपकिरी ठिपके दाटीने बसलेले होते. भोवतालच्या गरापासून गाठ स्वच्छ वेगळी होती, पण तिला वेष्टन नव्हते. सूक्ष्मदर्शकाखाली त्या प्रत्येक दाण्यात तीन प्रकारच्या बारीक वाहिन्या एकत्र दिसल्या आणि त्या तिघींना वेगळे केले ते मार्करांनी, म्हणजे पेशींतील ठरावीक प्रथिने रंगवून दाखवणाऱ्या चाचण्यांनी (सीडी-३४ वगैरे ही त्या प्रथिनांची नावे) : केशवाहिन्या सीडी-३४ ला रंगल्या, सायनससारख्या वाहिन्या सीडी-८ ला रंगल्या आणि छोट्या शिरा या दोन्हींना न रंगता फक्त सीडी-३१ ला रंगल्या. एवढी नेमकी सही फार थोड्या गाठी करतात.

इथे सीडी-८ विषयी थोडे सांगायला हवे, कारण ते ऐकून अनेकांना आश्चर्य वाटते. हा मार्कर आपण एका जातीच्या लिंफोसाइट पेशींसाठी वापरतो, परंतु पाणथरीतील सायनसचे निरोगी अस्तरही त्याला रंगते आणि सीडी-३४ ला रंगत नाही. हॅमार्टोमा हा मुळात लाल गराचाच विस्कटलेला गोळा असल्याने त्यातील वाहिन्याही सीडी-८ ला रंगतात. साधा हिमँजिओमा, म्हणजे रक्तवाहिन्यांची नेहमीची सौम्य गाठ, याच्या उलट वागतो, म्हणजे सीडी-३४ ला रंगतो आणि सीडी-८ ला रंगत नाही. लिटोरल सेल अँजिओमात सीडी-३४ आणि सीडी-८ दोन्ही सहसा नकारात्मक येतात, सीडी-३१ सकारात्मक येतो आणि त्याच पेशींत सीडी-६८ व सीडी-२१ हेही दिसतात. केवळ सीडी-३१ लावून 'वाहिन्यांची गाठ' असे लिहिणे म्हणजे पत्ता विचारल्यावर फक्त जिल्हा सांगण्यासारखे आहे.

रेडिओलॉजी, शस्त्रक्रिया आणि मेडिसिन या विभागांतील सभासदांनी आपापल्या बाजूने लिहावे, ही विनंती.

---

काळा_पांढरा

शिरीषवेल, धाग्याबद्दल आभार. मी रेडिओलॉजिस्ट आहे. आमच्याकडे ही गाठ जवळजवळ नेहमी योगायोगाने सापडते. पित्ताच्या खड्यांसाठी किंवा किडनीच्या दुखण्यासाठी सोनोग्राफी होते आणि डाव्या बाजूला काहीतरी दिसते.

सीटी स्कॅन करताना एक चूक वारंवार घडते, ती आधी सांगतो. शिरेतून चित्र उजळवणारे औषध दिल्यावर पहिल्या काही सेकंदांत, म्हणजे धमनी टप्प्यात, अगदी निरोगी पाणथरीसुद्धा पट्ट्यापट्ट्यांची, झेब्र्याच्या कातडीसारखी दिसते, कारण तिच्या गरात रक्त वेगवेगळ्या गतीने पसरत असते. या टप्प्यातील चित्रावरून गाठ आहे असे म्हणणे धोक्याचे आहे आणि छोटी गाठ नाही असे म्हणणेही तितकेच धोक्याचे आहे. साधारण ७० सेकंदांनंतरच्या पोर्टल टप्प्यात पाणथरी एकसारखी उजळते. निर्णय त्या टप्प्यावर आणि त्यानंतर काही मिनिटांनी घेतलेल्या उशिराच्या चित्रांवर घ्यावा. पाणथरीत काही दिसले असेल तर उशिराची चित्रे घेतल्याशिवाय रुग्णाला टेबलावरून उठवू नये, असे मी आमच्या तंत्रज्ञांना सांगून ठेवले आहे.

सँटचा व्रण चित्रातही ओळखता येतो. औषध कडेकडून आत सरकते आणि चाकाच्या आऱ्यांसारखी आकृती दिसते. एमआरआयच्या टी-२ चित्रात ही गाठ काळपट दिसते, कारण तिच्यात तंतू आणि जुन्या रक्तस्रावाचे लोह साठलेले असते. ही दोन लक्षणे एकत्र असतील तर मी रिपोर्टमध्ये सँटचे नाव धीटपणे लिहितो. हॅमार्टोमाची अडचण वेगळी. औषध न देता काढलेल्या सीटीत तो आजूबाजूच्या गरात मिसळून जातो आणि पाणथरीची कड एका ठिकाणी फुगलेली आहे एवढाच पुरावा उरतो. अनेक लहान गाठी आणि वाढलेली पाणथरी असे चित्र असेल तर लिटोरल सेल अँजिओमा यादीत ठेवावा लागतो, पण तसेच चित्र लिम्फोमात (लिंफोसाइट पेशींच्या कर्करोगात), दुसरीकडून पसरलेल्या कर्करोगात, सारकॉइडमध्ये (अवयवांत दाहाच्या बारीक गाठी होणाऱ्या एका आजारात) आणि क्षयरोगातही दिसते. इथे चित्रावरून एकच नाव लिहिण्याचा आग्रह मी धरत नाही.

यकृतातील हिमँजिओमा कडेने ठिपक्याठिपक्यांनी भरत जातो, हे आपण सगळे पाठ करतो. पाणथरीतील हिमँजिओमा तसा वागेलच याची खात्री नसते, आणि तसा वागला नाही म्हणून त्याला कर्करोग ठरवू नये.

---

वर्धेकाठ

मी विदर्भात मेडिसिनचा डॉक्टर आहे. आमच्या भागात पाणथरीतील गाठीकडे पाहण्यापूर्वी दोन प्रश्न विचारावे लागतात. पहिला, ताप, वजन घटणे, रात्रीचा घाम आहे का. असेल तर अनेक छोट्या गाठींचे पहिले कारण क्षयरोग असू शकते आणि त्याचा पुरावा छातीच्या एक्स-रेत किंवा मानेतील गाठीत सहज मिळून जातो. दुसरा, सिकलसेलची तपासणी झाली आहे का. सिकलसेलमध्ये लहानपणीच पाणथरी आक्रसून नाहीशी होते असे पुस्तकात वाचायला मिळते, पण आपल्याकडील अनेक रुग्णांमध्ये गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनचे प्रमाण जास्त राहत असल्यामुळे पाणथरी मोठेपणीही टिकते आणि वाढलेलीही असते. अशा पाणथरीत जुन्या रक्तस्रावाचे डाग, मेलेल्या गराचे तुकडे आणि मध्येच शाबूत राहिलेली बेटे असतात. ती शाबूत बेटेच चित्रात गाठीसारखी दिसतात. सिकलसेलची साधी तपासणी न करता रुग्णाला थेट मोठ्या शहरात पीईटी स्कॅनसाठी पाठवल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत आणि त्या कुटुंबांनी त्यासाठी काय काय विकले हेही मला ठाऊक आहे.

---

मुक्ताई_७१

सुई घालून तुकडा का काढत नाहीत? माझ्या मावसबहिणीच्या बाबतीत डॉक्टरांनी थेट पाणथरी काढण्याचा सल्ला दिला आहे, त्यामुळे घरात फार घालमेल सुरू आहे.

---

टाका_दोरा

मुक्ताईताई, मी सर्जन आहे. पाणथरीची बायोप्सी होतच नाही, असे नाही. प्रसिद्ध झालेल्या अनेक अभ्यासांचे २०११ मध्ये एकत्र विश्लेषण झाले, त्यात गंभीर गुंतागुंतीचे प्रमाण सुमारे २ टक्के होते आणि १८ गेज किंवा त्याहून बारीक सुई वापरलेल्यांत ते आणखी कमी होते. लिम्फोमाची किंवा क्षयरोगाची शंका असेल तर सुईने उत्तर मिळते आणि शस्त्रक्रिया टळू शकते. परंतु रक्तवाहिन्यांच्या गाठीची शंका असेल तर दोन अडचणी येतात. गाठ रक्ताने भरलेली असल्याने स्रावाची भीती अधिक असते, आणि दोऱ्याएवढ्या तुकड्यात गाठीची पूर्ण मांडणी दिसत नाही. अँजिओसार्कोमाचा काही भाग अगदी सौम्य दिसू शकतो आणि सुई नेमकी त्याच भागात गेली तर खोटा दिलासा मिळतो.

लहान, लक्षणे नसलेली, चित्रात सौम्य वाटणारी गाठ असेल तर काही महिन्यांनी पुन्हा स्कॅन करून थांबणे हाही योग्य मार्ग आहे. वाढणारी, दुखणारी, प्लेटलेट्स किंवा हिमोग्लोबिन घटवणारी, किंवा चित्रात संशयास्पद असलेली गाठ मात्र काढावी. टोकाशी असलेल्या गाठीत कधीकधी पाणथरीचा काही भाग वाचवता येतो, तेव्हा तोही प्रश्न डॉक्टरांना जरूर विचारा. अँजिओसार्कोमात पाणथरी आपोआप फुटून पोटात रक्तस्राव होण्याचा धोका मोठा असतो आणि फुटल्यानंतर काढलेल्या रुग्णांचे पुढचे दिवस अधिक कठीण जातात.

माझ्या सहकाऱ्यांना एक विनंती आहे. दुर्बिणीतून पाणथरी काढताना ती पिशवीत घालून बारीक करून छोट्या छेदातून बाहेर घेण्याची पद्धत आहे. रक्ताच्या आजारासाठी ती ठीक आहे. पण गाठीसाठी पाणथरी काढत असाल तर छेद थोडा मोठा करा आणि ती अखंड बाहेर आणा. शिरीषवेल यांनी वर्णन केलेली चांदणी तुकड्यांच्या काल्यात कुणालाही दिसणार नाही.

आणि लसी. न्युमोकोकस, मेनिंगोकोकस आणि हिमोफिलस इन्फ्लुएन्झी बी यांच्या लसी नियोजित शस्त्रक्रियेच्या किमान दोन आठवडे आधी द्यायच्या असतात. पाणथरी गेल्यावर ताप आला तर तो जन्मभर साधा ताप समजायचा नाही, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचे.

---

कृष्णाकाठ

मी डॉक्टर नाही. माझी पत्नी ४८ वर्षांची आहे. गेल्या वर्षी तिच्या सोनोग्राफीत पाणथरीत अनेक गाठी दिसल्या आणि सीटीच्या रिपोर्टमध्ये 'लिम्फोमा किंवा मेटास्टेसिस' (म्हणजे दुसरीकडून पसरलेला कर्करोग) असे लिहून आले. रिपोर्ट हातात देणाऱ्याने लिफाफ्यावर स्टेपल मारताना माझ्याकडे पाहिलेही नाही, आणि मी तो जिन्यातच उघडून वाचला. त्यानंतरचे तीन आठवडे आम्ही मुलांना काहीच सांगितले नाही. शस्त्रक्रिया झाली. लसी आदल्या संध्याकाळी दिल्या, त्या दोन आठवडे आधी द्यायच्या असतात हे आज इथे वाचून समजले.

नंतरच्या रिपोर्टमध्ये असे आहे : पाणथरीचे वजन ६४० ग्रॅम, कापलेल्या पृष्ठभागावर २ मिलिमीटर ते ३ सेंटीमीटर आकाराच्या अनेक लालकाळ्या, स्पंजासारख्या गाठी. सूक्ष्मदर्शकाखाली एकमेकींना जोडलेल्या वाहिन्या, काही ठिकाणी अस्तरपेशी उंच असून पोकळीत गळून पडलेल्या. सीडी-३१ सकारात्मक. निदान 'हिमँजिओमा, बिनाइन'. आम्ही पेढे वाटले. हा धागा वाचून मात्र मला विचारावेसे वाटते की आमचे निदान पूर्ण झाले आहे का?

---

शिरीषवेल

कृष्णाकाठ, आपण रिपोर्टमधील वर्णन शब्दशः दिलेत, त्यामुळे उत्तर देणे शक्य झाले. निदान सौम्य गाठीचे आहे आणि ते सौम्यच राहण्याची शक्यता मोठी आहे, हे प्रथम सांगते. परंतु अनेक गाठी, उंच अस्तरपेशी आणि पोकळीत गळून पडलेल्या पेशी हे वर्णन लिटोरल सेल अँजिओमाकडे बोट दाखवते. साध्या हिमँजिओमाचे अस्तर चपटे असते. सीडी-३१ दोन्हींत सकारात्मक येत असल्याने त्या एका मार्करने फरक कळणार नाही.

आपण पॅथॉलॉजी विभागाकडे लेखी अर्ज करून पॅराफिन ब्लॉक (मेणात बसवलेले ऊतींचे तुकडे) आणि स्लाइड दोन्ही मागावेत. नुसत्या स्लाइड पुरत नाहीत, कारण नवीन मार्करांसाठी ब्लॉकमधून ताजे काप घ्यावे लागतात. गाठ असलेले दोन ब्लॉक आणि निरोगी गर असलेला एक ब्लॉक मागा. निरोगी गरातील सायनस सीडी-८ ला रंगले की रंगद्रव्य नीट काम करते आहे याची खात्री पटते. सोबत मूळ रिपोर्टची आणि सीटीची प्रत द्या. ब्लॉक मेणाचे असतात, तेव्हा उन्हात उभ्या केलेल्या गाडीत ते ठेवू नका, पिशवी स्वतःजवळ बाळगा. सीडी-३४, सीडी-८, सीडी-६८ आणि सीडी-२१ एवढे मार्कर पुरेसे ठरतील.

लसींबद्दल आपल्या डॉक्टरांशी आताच बोलावे. पुढचे डोस आणि पुनर्लसीकरण यांचे वेळापत्रक शस्त्रक्रियेनंतरही आखता येते.

---

गोठा_ते_दवाखाना

मी पशुवैद्य आहे. लॅब्रॅडोर, गोल्डन रिट्रीव्हर आणि जर्मन शेफर्ड या कुत्र्यांत पाणथरीतील रक्तवाहिन्यांचा कर्करोग आम्हाला नेहमी भेटतो, आणि बहुतेक वेळा प्राणी आणला जातो तो पोटात रक्तस्राव होऊन कोसळल्यावरच. आमच्याकडेही सौम्य रक्तगाठ आणि कर्करोग यांतील फरक नुसत्या डोळ्यांनी कळत नाही. गाठीच्या अनेक भागांतून तुकडे तपासावे लागतात.

---

शिरीषवेल

आपला शेवटचा मुद्दा माणसांनाही तंतोतंत लागू आहे. कर्करोगाचे प्रमाण मात्र कुत्र्यांवरून माणसांत आणू नये. माणसांत अँजिओसार्कोमा अतिशय दुर्मिळ आहे आणि योगायोगाने सापडलेल्या बहुतेक गाठी सौम्यच निघतात. कनिष्ठ सहकाऱ्यांसाठी एवढी भर घालते की पाणथरी फार लवकर सडू लागते. ती अखंडच फॉर्मॅलिनमध्ये (ऊती टिकवणाऱ्या द्रावणात) टाकून दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवली तर मधला भाग निकामी झालेला असतो. आल्या आल्या वजन करावे, काप पाडावेत, फोटो घ्यावेत, क्षयरोगाची शंका असेल तर एक तुकडा कल्चरसाठी (जंतू वाढवून पाहण्यासाठी) फॉर्मॅलिनविना बाजूला काढावा आणि उरलेले काप मुबलक फॉर्मॅलिनमध्ये ठेवावेत.

---

कृष्णाकाठ

सुमारे महिन्याने लिहीत आहे. ब्लॉक मिळायला दोन फेऱ्या लागल्या. पिशवी बसमध्ये मांडीवर ठेवून नेली. नवीन रिपोर्ट आला आहे : सीडी-३४ आणि सीडी-८ नकारात्मक, सीडी-६८ आणि सीडी-२१ सकारात्मक, पेशींच्या विभाजनाचे प्रमाण नगण्य, मृत भाग नाही. निदान लिटोरल सेल अँजिओमा.

आमच्या डॉक्टरांनी समोर बसवून समजावून सांगितले. अशा रुग्णांसाठी सर्वांना लागू होईल अशी तपासण्यांची एकच यादी नाही, म्हणून वय आणि घरातील इतिहास पाहून त्यांनी मॅमोग्राफी, गर्भाशयमुखाची तपासणी आणि कोलोनोस्कोपी सुचवली आहे आणि सहा महिन्यांनी पोटाचा स्कॅन. तिच्या वडिलांना आतड्याचा कर्करोग होता, हे आजवर आम्हाला कुणी विचारलेच नव्हते. कोलोनोस्कोपी येत्या मंगळवारी आहे. उरलेल्या लसींपैकी एक काल झाली. मुलांना या वेळी आम्ही सगळे आधीच सांगितले आहे.